नागपूरचा नकाशा भरायचा आपण अन् खोडायचा भलत्यानेच? (ओपनस्ट्रीटमॅप, पगारी मॅपर, फाउंडेशन वगैरे)

मानेवाडा_मॅपर

लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम) म्हणजे कोणीही खातं काढून भरू शकतो असा जगाचा नकाशा. २००४ ला इंग्लंडमधे स्टीव्ह कोस्टने सुरू केला, २००६ पासून त्याच्यामागे एक फाउंडेशन आहे, सर्व्हर, लायसन्स, भांडणं हे सगळं ते बघतात, नकाशा मात्र भरतात तुमच्याआमच्यासारखे फुकटे. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही ॲप वापरत असाल तर तुम्ही तोच डेटा पाहून राहिले आहात.

आता मुद्दा. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथल्या कोणाला सांगायला नको. अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी घरात, मोरभवन स्टँडमधे बसा बुडालेल्या. त्यानंतर आम्ही चारपाच जणांनी ठरवलं की निदान आपल्या बाजूचे नाले, पुलिया, रपटे (नाल्याच्या पात्रातूनच जाणारे सखल रस्ते), अन् ले-आउटची (प्लॉट पाडलेल्या वसाहतींची) जी गेटं रात्री कुलूप लावून बंद असतात ती नकाशात टाकायची. कारण पाणी आलं की प्रश्न एकच असतो, बाहेर कुठून पडायचं. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, नरसाळा हा सगळा पट्टा शनिवार-रविवार गाडीवर फिरून भरला. कोणता रपटा पावसात पाण्याखाली जातो हे तिथल्या दुकानदाराला विचारून टाकलंय, उपग्रहातून ते दिसत नाही.

मागच्या महिन्यात बघतो तर अर्धी गेटं गायब! दोन रपट्यांचे पूल झालेत. एका ठिकाणी नाल्याच्या अलीकडचा अन् पलीकडचा रस्ता सरळ जोडून टाकलाय, जिथे आजही माणूस चपला हातात घेऊन जातो. चेंजसेट (एकदम केलेल्या बदलांची नोंद) उघडला तर कॉमेंट काय, "रस्त्यांची जोडणी सुधारली", सोर्स सॅटेलाइट इमेजरी. खातं एका डिलिव्हरीच्या धंद्यातल्या कंपनीसाठी काम करणाऱ्या पगारी टीमचं (नाव घेत नाही, इथे वाद नको). आमच्यातल्या एकाने जुनं परत आणलं, त्यांनी परत बदललं, याने परत, तिसऱ्यांदा याने मराठीत चांगलं खरमरीत लिहिलं. अन् ब्लॉक कोण झालं? आमचा माणूस. डेटा वर्किंग ग्रुपकडून (डीडब्ल्यूजी, फाउंडेशनचा असली भांडणं बघणारा गट).

म्हणजे घाम आमचा, गाव आमचं, अन् निकाल देणारा कोण तर ज्याने मानेवाडा चौक जन्मात पाहिला नाही. ग्रुपमधले दोघं म्हणतात सोडून द्या. मला सोडायचं नाही, पण करायचं काय ते सुचत नाहीये. अनुभव असलेल्यांनी सांगा.

बर्डीकर

काहून एवढं मनाला लावून घेता भाऊ. सोडा तो ओएसएम. आपण आपला नागपूरचा वेगळा नकाशा काढू, डेटा उचलायचा, सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, झालं. मले सांगा त्या लंडनवाल्याले काय घेणंदेणं आपल्या रपट्याशी. जो तो उठतो अन् नागपूरले शिकवून राहिला!

इतवारी_१

सर्व्हरचं भाडं कोण भरणार बर्डीकर? मागच्या वेळेस सहलीचे पैसे अजून यायचे आहेत तुमच्याकडून :)

जीआयएस_मावशी

बर्डीकर, वेगळा नकाशा काढता येतो. लायसन्स तशी मुभा देतं, ओडीबीएल आहे, ओएसएमचं नाव द्यायचं अन् सुधारलेला डेटा त्याच लायसन्सखाली खुला ठेवायचा. कायद्याने अडचण शून्य. अडचण पुढे आहे. आज उचललेला डेटा उद्या शिळा. समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, तो तुमच्या नकाशात कोण काढणार होतं? मेट्रोची नवी स्टेशनं? नागपूरच्या बाहेर पाऊल टाकलं की तुमचा नकाशा संपला, मग तो वापरेल कोण.

आणि ज्यांना वाटतं की मोठ्या कंपनीच्या नकाशात भरलेलं बरं, तिथे निदान दिसतं तरी, त्यांच्यासाठी जुनी गोष्ट. गुगल मॅप मेकर आठवतं का? २००८ ला आलं, भारतात लोकांनी वेड्यासारखं भरलं, मीही भरलं, माझ्या माहेरच्या गावातल्या विहिरीसुद्धा टाकल्या होत्या. ३१ मार्च २०१७ ला बंद. कोणाला विचारलं? अन् तुम्ही भरलेला डेटा तुम्हाला पूर्ण उचलून दुसरीकडे नेता येत नव्हता, तो त्यांचा. ओएसएममधे मानेवाडाकरांचं गेट खोडलं गेलं तरी कोणी, कधी, काय खोडलं याची हिस्टरी कायम राहते आणि ते परत आणता येतं. फरक लहान नाही.

पण म्हणून मानेवाडा_मॅपर, तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. रात्री निवांत लिहिते.

रिव्हर्टवीर

मी काही वर्षं नकाशातली जगभरची व्हँडलिझम (मुद्दाम केलेली नासधूस) साफ करतो, डीडब्ल्यूजीत नाही, पण त्यांच्याशी संबंध येतो. दोनतीन गोष्टी स्पष्ट करतो, राग मानू नका.

१) तुमच्या मित्राला बहुतेक झीरो-अवर ब्लॉक मिळाला असेल. ती शिक्षा नाही. लॉगिन करून मेसेज वाचला की ब्लॉक संपतो, वाचेपर्यंत एडिट करता येत नाही एवढंच. माणूस कॉमेंटला उत्तर देत नसेल तर त्याचं लक्ष वेधायला दुसरा मार्ग नसतो. मेसेज वाचला का त्याने?

२) डीडब्ल्यूजी म्हणजे ऑफिसात बसलेले साहेब नव्हेत, तेही फुकटेच आहेत, नोकरी करून रात्री तक्रारी बघतात. त्यांना दिसतं काय, तर दोन खाती एकमेकांचं खोडतायत, एक खातं इंग्रजीत उत्तर देतंय, दुसरं रिव्हर्ट मारतंय आणि मराठीत काहीतरी लिहितंय जे मशीन भाषांतरात अजूनच भयंकर दिसतं. त्यांनी मानेवाडा पाहिला नाही हे खरं, पण त्यांनी निकाल तुमच्या रपट्यावर दिलेलाच नाही, भांडणाच्या पद्धतीवर दिलाय.

३) "जमिनीवर जे आहे ते" हाच ओएसएमचा मूळ नियम आहे. तो तुमच्या बाजूचा आहे! फक्त तो दाखवायला लागतो. गेटवर सर्व्हेची तारीख टाकली होती का? रपट्याचा फोटो? नोट? तुमच्या चेंजसेटची कॉमेंट मी आत्ता पाहिली, "अपडेट" एवढंच लिहिलंय. दूर बसलेल्याने काय समजायचं?

मानेवाडा_मॅपर

@रिव्हर्टवीर मेसेज वाचला, ब्लॉक गेला, ते ठीक आहे. पण न्याय बघा कसा आहे. गल्लीत जाऊन आलेल्याने पुरावा द्यायचा, अन् बंगळूर नाहीतर नोयडात एसीत बसून जुनी इमेजरी पाहणाऱ्याने "सोर्स: सॅटेलाइट" लिहिलं की बस. ती इमेजरी किती जुनी आहे माहितीये का, त्यात बेसा रोडवरच्या आमच्या बाजूच्या दोन स्कीम अजून शेत दिसतात!

अन् इंग्रजी. आमच्या ग्रुपमधे एक काका आहेत, रिटायर्ड, जुने सर्व्हेअर, नाला कुठून कुठे जातो ते डोळे मिटून सांगतात. त्यांनी काय इंग्रजीत वाद घालत बसायचं का?

बर्डीकर

हे पाहा! आता बोलले. काकाले इंग्रजी येत नाई म्हणून काकाचा नाला खोटा.

जीआयएस_मावशी

आले. जरा विस्ताराने.

पगारी टीमबद्दल नियम नाहीत असं नाही. नोव्हेंबर २०१८ ला फाउंडेशनने ऑर्गनाइज्ड एडिटिंग गाइडलाइन्स काढल्या. कोणी टीम बसवून नकाशा बदलणार असेल तर ओएसएमच्या विकीवर (नियम अन् माहितीची साइट) पान हवं, कोणती खाती कोणाची ते लिहायला हवं, संपर्क कोणाशी करायचा ते हवं, स्थानिक मंडळींशी आधी बोलायला हवं, आणि कॉमेंट आली की उत्तर द्यायला हवं. आता यातली गोम बघा. सुरुवातीचा मसुदा "पॉलिसी" म्हणून आला होता. घासाघीस होऊन होऊन शेवटी त्याची गाइडलाइन झाली. म्हणजे "करावं", "करायलाच हवं" नाही. त्या घासाघिशीच्या वेळी टेबलावर कोण होतं? कंपन्यांची माणसं होती, कारण त्यांना त्याचा पगार मिळतो. युरोपातली जुनी खोडं होती, कारण त्यांची तिथे वीस वर्षं गेली आहेत. नागपूर, अमरावती, नांदेड नव्हतं. मीसुद्धा नव्हते, मेल येत होत्या, वाचत होते, बस.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याला नियम जाचतात ते लागू झाल्यावर, आणि बनत असतात तेव्हा आपण नसतो. टॅगचंही (नकाशातली वस्तू काय आहे ते सांगणारी चिठ्ठी) तसंच. विकीवर नवा टॅग मंजूर व्हायला किमान ८ जणांचा होकार आणि ७५ टक्के मतं लागतात. आठ! आपल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात सकाळी गुड मॉर्निंग टाकणारे याहून जास्त असतील.

आता फाउंडेशनचं. बोर्डावर सात जण, निवडून येतात, मेंबरांच्या मतांनी. मेंबरशिप वर्षाला १५ पौंड, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं की गेल्या ३६५ दिवसांत ४२ दिवस तुम्ही एडिट केलं असेल तर ती फुकट मिळते. तुमच्या चारपाच जणांपैकी बहुतेक बसतील त्यात. काका नकाशात स्वतः भरत नसतील, फक्त दाखवत असतील, तरी अर्ज करून मागता येते, इतर प्रकारचं योगदानही धरतात.

इतवारी_१

१५ पौंडात इकडे घरभर सावजी होईल.

जीआयएस_मावशी

म्हणून तर फुकटचं सांगितलं ना बाळा.

पुणे३०

नमस्कार. मावशींशी सहमत. फक्त एक जोड: मताचा हक्क म्हटला की त्याचा गैरवापरही येतो. २०१८ च्या डिसेंबरमधल्या बोर्ड निवडणुकीआधी, मुदत संपता संपता, आपल्याच देशातून, एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे शंभराच्या आसपास अर्ज एकदम आले होते. फाउंडेशनच्या मेंबरशिप ग्रुपने चौकशी करून रिपोर्ट जाहीर केला, खूप गदारोळ झाला. त्यामुळे भारतातून एकगठ्ठा मेंबर झाले की तिकडे भुवया वर जातात, हे लक्षात ठेवून सगळ्यांनी एकाच रात्री फॉर्म भरू नये :)

बर्डीकर

आले पुण्याहून.

पुणे३०

@बर्डीकर माहेर धंतोलीचं आहे माझं. सांभाळून.

बर्डीकर

अरे देवा. मग बोला ताई बोला.

इंदोरा_१

माझा अनुभव थोडा वेगळा, अन् मला अजून ठरवता आलं नाही बरोबर कोण होतं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर किती लोक येतात ते तुम्हाला माहीत आहे. विदर्भ, मराठवाडा, बाहेरच्या राज्यातून, कित्येक जण पहिल्यांदा नागपूरला आलेले, म्हातारी माणसं, कडेवर लेकरं. आम्ही पोरांनी तिथले पाण्याचे स्टॉल, तात्पुरते संडास, औषधांचे मांडव, बंद केलेले रस्ते, भोजनदानाच्या जागा, सगळं ओएसएममधे टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळं साफ. ज्याने काढलं त्याने नीट लिहिलं होतं की तात्पुरत्या गोष्टी इथे टाकत नाहीत, लोकांच्या फोनमधे हा डेटा ऑफलाइन उतरतो अन् काही जण महिनोन्महिने अपडेट करत नाहीत, मग जानेवारीत कोणी रहाटे कॉलनीच्या बाजूला संडास शोधत फिरेल.

तेव्हा डोकं फिरलं होतं माझं. आम्हाला वाटलं हे काय आमच्या माणसांची गर्दी म्हणजे यांना "तात्पुरती" वाटते. १९५६ पासून दरवर्षी होणारी गोष्ट तात्पुरती कशी? पण संडास मात्र तात्पुरतेच होते ना राव. ऑफलाइनवाली गोष्ट पण खरी निघाली, माझ्या भावाच्या फोनमधे दिवाळीनंतरही ते मांडव दिसत होते.

शेवटी त्याच माणसाने यूमॅप दाखवलं. खाली ओएसएमचा नकाशा, वर आपला थर, लिंक पाठवली की झालं, सण संपला की बंद. आता दरवर्षी तसंच करतो. जे कायमचं आहे, म्हणजे विहारं, नळ, कायमची शौचालयं, ते मूळ नकाशात. गल्लीतली विहारं तर आधी कोणीच टाकली नव्हती, उत्तर नागपूर नकाशात नुसतं राखाडी होतं, धरमपेठेत मात्र कुत्र्याचा डॉक्टर पण सापडायचा. तर "स्थानिक" म्हणताना हे पण बघा की स्थानिक कोण. आमच्याकडे लंडनवाल्याने काही बिघडवायच्या आधी धरमपेठवाल्याने काही भरलं नव्हतं.

मानेवाडा_मॅपर

@इंदोरा_१ शेवटचं वाक्य लागलं, पण बरोबर आहे. यूमॅपचं माहीत नव्हतं.

ऑरेंज_सिटी_रायडर

मी मॅपर नाही, गाडी चालवतो, डिलिव्हरी. दोन दिवसांपासून वाचून राहिलो, आता राहवत नाही म्हणून लिहितो.

तुमची गेटं. भाऊ ती गेटं हायेतच कशाला? रस्ता महापालिकेचा, डांबर टॅक्समधून, अन् दहा घरांनी वर्गणी काढून लोखंडी गेट बसवलं, रात्री दहाला कुलूप. कोणाले विचारून? मले आत पार्सल द्यायचं असतं, कस्टमर आतून फोन करतो की या ना, अन् वॉचमन म्हणतो पलीकडून फिरून या. पलीकडून म्हणजे दीड किलोमीटर. त्याचं पेट्रोल कोण देते? ॲप तर सरळ अंतर मोजते.

आता तुम्ही नकाशात ते गेट टाकलं अन् वरून "प्रायव्हेट" लिहिलं. मी पाहिलं ते, खोटं नाही बोलत. म्हणजे उद्या सगळे ॲप तो रस्ता खाजगी धरणार. गेट लावणाऱ्याचं काम तुम्ही फुकटात पक्कं करून दिलं. ते कंपनीवाले गेट काढून टाकतात ते पण चूक, कारण गेट तर हाय, मी त्याच्यासमोर उभा राहतो रात्री. पण तुम्ही म्हणता आम्ही स्थानिक. मी पण नागपूरचाच हाय, नंदनवनले राहतो. माझा नकाशा कोणी विचारला?

इतवारी_१

+१००

बर्डीकर

यानं तर वाटच लावली सगळ्यांची.

पुणे३०

रायडर, तुम्ही जे म्हणताय ते ओएसएमच्या नियमात नेमकं बसतं, आणि हा नियम "वरून" आलेलाच आहे, गंमत बघा. गेट आहे तर बॅरियर=गेट टाकायचं, कारण ते जमिनीवर आहे. पण अ‍ॅक्सेस हा टॅग जाण्यायेण्याचा कायदेशीर हक्क सांगतो. कोणी कुलूप लावलं म्हणून सार्वजनिक रस्ता प्रायव्हेट होत नाही. म्हणजे गेट राहील, रस्ता सार्वजनिकच राहील. रात्री गाडी जात नाही हे सांगायला गेटवर वेळेचा कंडिशनल टॅग येतो, दहा ते सहा. रूट काढणारं ॲप तो वाचत असेल तर दिवसा सरळ नेईल, रात्री फिरवून. पाणी आलं की कोणतं गेट उघडायला लावायचं तेही दिसेल.

मानेवाडा_मॅपर

हे बोलायला सोपं आहे. त्यातले काही ले-आउट ५७२ अन् १९०० च्या यादीतले आहेत, गुंठेवारीतले (आधी विनापरवाना पडलेले), कोणता रस्ता कोणाकडे हस्तांतरित झालाय हे नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) अन् मनपा दोघांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतील. आम्ही ठरवायचं का कोणता सार्वजनिक? सोसायटीवाले म्हणतात आमचा, रायडर म्हणतो सगळ्यांचा.

पुणे३०

मग ठरवू नका! माहीत नसेल तर अ‍ॅक्सेस टाकूच नका, नुसतं गेट अन् वेळ टाका. न भरलेला टॅग चुकीच्या टॅगपेक्षा बरा.

कामठी_कॅन्टोन्मेंट

जरा वेगळा मुद्दा, फाटा फोडतोय असं वाटलं तर सोडून द्या. वरचे म्हणजे फक्त लंडनवाले धरू नका, दिल्ली पण आहे. २०१३ ला गुगलने भारतात मॅपाथॉन घेतला तर सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसात तक्रार केली होती. २०१६ ला नकाशांच्या कायद्याचा जो मसुदा आला होता त्यात १०० कोटीपर्यंत दंड अन् सात वर्षांपर्यंत कैद लिहिली होती, लोकांनी बोंब मारली, मसुदा पुढे गेला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या गाइडलाइन्सनंतर हवा पार बदलली, भारतीय लोकांना अन् संस्थांना नकाशे करायला आधीसारखी परवानगी लागत नाही. पण देशाची सीमा अजून नाजूक आहे. ओएसएम प्रत्यक्ष ताबा जसा आहे तशी रेष दाखवतं, आपला कायदा सर्व्हे ऑफ इंडियाची रेष मागतो. काश्मीरची रेष कोणी नागपुरात बसून दुरुस्त करायला गेला तर तो डीडब्ल्यूजीकडून ब्लॉक होणार, अन् तोच नकाशा जसाच्या तसा छापून वाटला तर इथे भानगडीत येणार. मी कामठीचा, छावणीच्या भिंतीबाहेरचंच भरतो, आतलं मला दिसत नाही अन् दिसलं तरी भरायचं नाही.

रिव्हर्टवीर

बरोबर. आणि "वरचे" म्हणजे एकच डोकं असं समजू नका. २०१८ ला क्रिमियावरून डीडब्ल्यूजीने एक निर्णय घेतला तर महिन्याभरात बोर्डाने तो फिरवला. वरती पण मारामारीच असते.

एक अजून. कंपन्यांना फार दाबलं तर त्या जातील असं म्हणतात. २०२२ च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट अन् टॉमटॉम यांनी मिळून ओव्हर्चर नावाचा नकाशा-प्रकल्प काढलाच आहे, ओएसएमचाही डेटा घेतात अन् बाकीच्यात मिसळतात. मला स्वतःला त्या धमकीचं काही वाटत नाही. पण पगारी टीमने भारतात खेडोपाडी जे रस्ते भरले ते तुम्हीआम्ही भरले नसते, हेही मान्य करा. गडचिरोलीत कोण जात होतं शनिवार-रविवार?

जीआयएस_मावशी

गडचिरोलीबद्दल मान्य. पण एक उलट उदाहरण देते. २५ एप्रिल २०१५, नेपाळचा भूकंप. जगभरातून हजारो लोकांनी घरबसल्या उपग्रहाचे फोटो पाहून रस्ते अन् घरं काढली, हॉटचं (ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम) काम वाटून देणारं टास्किंग मॅनेजर त्यासाठीच होतं. त्याचं कौतुक फार झालं अन् व्हायलाच हवं. पण काठमांडू लिव्हिंग लॅब्जची पोरं भूकंपाच्या आधीच काही वर्षं गल्लोगल्ली फिरून शाळा, दवाखाने भरत होती. म्हणून भूकंपाच्या दिवशी तिथे असा एक गट होता ज्याला कोणता दवाखाना कुठे अन् कोणता रस्ता खरा हे विचारता येत होतं. दुरून आलेली मदत कुठे लावायची ते सांगणारं कोणी तिथे होतं. आपल्याकडे २०२३ ला पाणी घुसलं तेव्हा असं कोणी होतं? आता आहे, मानेवाडावाले आहेत. म्हणून मला तुम्ही सोडायला नको आहात.

फक्त दुरून येणाऱ्याला तुम्ही सापडायला पाहिजे. विकीवर नागपूरचं पान बघा जाऊन. मी आज बघितलं, रस्त्यांच्या वर्गीकरणाबद्दल एक ओळ नाही, गेटांबद्दल नाही, रपट्यांबद्दल नाही. पगारी टीमच्या पोराला सांगितलेलं असतं की शहराचं पान वाच, नसेल तर देशाचं वाच. तो भारताचं वाचतो, तिथे रपट्याचा र नाही. मग तो पूल काढतो. त्या पोराचं वय बावीस, दिवसाचं टार्गेट ठरलेलं, त्याच्यावर काय चिडायचं. त्याला वाचायला काही ठेवलेलंच नाही आपण.

बर्डीकर

मावशी पान लिहायचं तर इंग्रजीतच लागल ना? झालं मग, काका बाहेर.

जीआयएस_मावशी

काका मराठीत सांगतील, मी इंग्रजीत टाकीन. मराठी पान पण वेगळं करता येतं, विकी भाषा वेगळी ठेवू देते. कोणी केलं नाही एवढंच.

पुणे३०

रस्त्यांच्या वर्गीकरणाचं मात्र आधी आपसात ठरवा नाहीतर त्या पानावरच युद्ध होईल. भारतात जुना संकेत असा की राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक, राज्य महामार्ग म्हणजे प्रायमरी, जिल्हा मार्ग सेकंडरी. शहरात हा संकेत गडबडतो. जडवाहन आउटर रिंग रोडने जातं अन् नंबर असतो भलत्याच रस्त्याला.

इतवारी_१

सेंट्रल अव्हेन्यू ट्रंक आहे, विषय संपला.

रिव्हर्टवीर

अजिबात नाही.

बर्डीकर

सुरू झाले. लंडनवाल्याची गरजच नाई आपल्याले भांडाले.

मानेवाडा_मॅपर

अपडेट. पगारी टीमच्या विकी पानावर संपर्काचा पत्ता होता (मावशी म्हणाल्या तसं), काल मेल टाकली, रपट्यांचे फोटो जोडले, मावशींनी इंग्रजी नीट करून दिलं. आज उत्तर आलं. सभ्य आहे. म्हणतात रपटे जसे होते तसे करतो, नाल्यावरची जोडणी काढतो. गेटांबद्दल म्हणतात की तुमच्याकडे यादी असेल तर द्या, कुलपाच्या वेळेसकट, आमच्या टीमला सूचना देतो.

आता ग्रुपात नवीनच भांडण. एक जण म्हणतो कंपनीला आयती यादी का द्यायची, त्यांचं पेट्रोल वाचवायला आपण रात्री गेटं मोजत फिरायचं का, पैसे मागा. मला पण अर्धं पटतं ते. फुकट काम करायचं ते शेजाऱ्यासाठी, त्यांच्या नफ्यासाठी नाही.

ऑरेंज_सिटी_रायडर

त्यांचं पेट्रोल नाही भाऊ, माझं. कंपनी पेट्रोल देत नाही.

इंदोरा_१

यादी देऊच नका, थेट नकाशात टाका. यादी दिली की ती त्यांची, नकाशात टाकली की सगळ्यांची. अ‍ॅम्ब्युलन्सवाला पण वापरेल, रायडर पण वापरेल.

रिव्हर्टवीर

+१. आणि प्रत्येक गेटवर सर्व्हेची तारीख टाका. चेंजसेटमधे कृपया "अपडेट" लिहू नका, हात जोडतो.

मानेवाडा_मॅपर

अ‍ॅक्सेसचं काय? प्रायव्हेट काढायचं म्हणता सगळे? आमच्याच सोसायटीचा अध्यक्ष आमच्या ग्रुपात आहे, गेट त्यानेच बसवलंय. त्याला कोण सांगणार.

पुणे३०

नियम दाखवा, म्हणा वरून आलाय. कधीतरी उपयोगी पडू द्या की लंडनला.

ऑरेंज_सिटी_रायडर

वेळा मी सांगतो. आम्ही रायडर लोकांचा ग्रुप हाय, कोणतं गेट किती वाजता बंद ते सगळ्यांले तोंडपाठ. नंदनवन, वाठोडा, दिघोरी, तुमचा मानेवाडा पण. फक्त ते ॲप कसं वापरायचं ते कोणी दाखवा, इंग्रजी टॅग वगैरे आपल्याच्यानं होणार नाही.

पुणे३०

स्ट्रीटकम्प्लीट टाका, अँड्रॉइडवर फुकट आहे. टॅग वगैरे काही लिहावं लागत नाही, सोपे प्रश्न विचारतं, उत्तर दाबायचं. पण गेटाच्या वेळा त्यात नीट बसतील असं नाही, तर तुम्ही नोट टाका, मराठीतच टाका, गेटाजवळ उभं राहून. मानेवाडावाले नोट बघून टॅग भरतील.

मानेवाडा_मॅपर

चालेल. रायडर, मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. नोटमधे कस्टमरचं नाव, घर नंबर असलं काही टाकू नका तेवढं, नोट सगळ्या जगाला दिसते.

इतवारी_१

सेंट्रल अव्हेन्यूचं काय ठरलं मग?

जीआयएस_मावशी

त्याला वेगळा धागा काढा. इथे नको.